सांगलीहून क्रूझला जाताय? बुकिंगच्या आधी एवढं वाचा

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे पाच जण मुंबईहून क्रूझला जाऊन आलो. मी, आमचे हे, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासू-सासऱ्यांना मी आई-बाबाच म्हणते. आल्यापासून आमच्या गल्लीत, ऑफिसात, माहेरी इस्लामपूरला सगळे एकच विचारतायत, कसं बुक केलं, किती खर्च आला, म्हाताऱ्या माणसांना झेपतं का. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा म्हणलं एकदा नीट लिहूनच काढावं.

आधीच सांगते, जहाजावर चढल्यावर काहीच अवघड नाही. सगळा गोंधळ होतो तो चढायच्या आधी, बुकिंग करताना आणि घरून निघताना. तिथं नीट लक्ष घातलं की पुढचे दिवस आरामात जातात. त्यामुळं खाली पहिल्या पायऱ्या मोठ्या आहेत आणि जहाजावरच्या गमतीजमतीचं थोडक्यात आहे.

१. कधी जायचं आणि कुठं जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुसरा विचारच करू नका, निदान पहिल्यांदा जाताना तरी. या महिन्यांत अरबी समुद्र शांत असतो आणि हवा पण बरी असते. जूनपासून समुद्र खवळतो. मुंबईहून नियमित फिरणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज सुद्धा पावसाळ्यात चेन्नईच्या बाजूला जातं. हे जहाज २०२१ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडं फिरतंय, बांधलेलं मात्र १९९० चं आहे, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडं होतं. हे सांगायचं कारण म्हणजे यूट्यूबवर परदेशातल्या वीस मजली जहाजांचे व्हिडिओ बघून तसंच सगळं मिळणार असं मनात धरून जाऊ नका. आपलं त्या मानानं मध्यम आकाराचं आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला भरपूर मोठं आहे.

रूट बघताना एक मोठी फसगत होते. दोन रात्रींचं स्वस्त पॅकेज दिसतं, त्यावर 'हाय सी' असं लिहिलेलं असतं. म्हणजे जहाज समुद्रात फिरून परत मुंबईला येतं, मध्ये कुठं उतरायला मिळत नाही. आमच्या ओळखीतलं एक जोडपं गोवा समजून हे बुक करून बसलं होतं. ज्यांना नुसता आराम पाहिजे त्यांना ते चांगलंच आहे, पण आपण काय घेतोय ते माहीत पाहिजे. गोव्याची ट्रिप पहिल्यांदा जाणाऱ्यांना सगळ्यात बरी. लक्षद्वीपची जास्त दिवसांची असते आणि सुंदर असते म्हणतात, त्याबद्दल पुढं सांगते.

घरात कोणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर आधी नियम विचारा. बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर गरोदर बाईला घेत नाहीत आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ पण घेत नाहीत.

२. केबिन

याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवलेला वेळ कामी आला.

साधारण चार प्रकार असतात. आतली खोली, तिला खिडकी नसते. मग खिडकीवाली, मग बाल्कनीवाली, मग स्वीट म्हणजे सगळ्यात मोठी खोली. आतली सगळ्यात स्वस्त, आणि झोपायला खरं तर छान, कारण मिट्ट काळोख. पण आमच्या आईंना बंद खोलीत घुसमटल्यासारखं होतं, त्यामुळं त्या दोघांना खिडकीवाली घेतली आणि आम्ही तिघं आतल्या खोलीत. बुक करताना चार प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, नुसतं फोनवर नको.

पहिला, खोली जहाजाच्या मध्यभागी आहे का. पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त हलतं, मध्ये आणि खालच्या मजल्यावर कमी. दुसरा, लिफ्टपासून किती लांब. तिथले बोळ लांबच लांब असतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोजच्या चार-पाच फेऱ्या म्हणजे शिक्षा. अगदी लिफ्टला चिकटून पण नको, रात्री आवाज येतो. तिसरा, खिडकीच्या समोर लाईफबोट टांगलेली आहे का. असली तर समुद्राऐवजी बोटीचा पत्रा दिसत राहतो. आणि चौथा, तिसऱ्या माणसाचा बेड कुठला. हा प्रश्न कुणीच विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुतेक वेळा भिंतीतून खाली येणारा वरचा बर्थ मिळतो, रेल्वेसारखा, शिडी लावून चढायचं. आमच्या मुलीला त्याचीच मजा वाटली, पण तिथं सत्तरीच्या माणसाला चढवणार आहात का?

बाथरूम लहान असतं आणि दाराशी उंबरा असतो. आई-बाबांना पहिल्याच दिवशी तो दाखवून ठेवा. बाबांनी रात्री बाथरूमचा लाईट चालूच ठेवून दार थोडं उघडं ठेवलं होतं, तुम्ही पण तसंच करा.

३. पैसे

जाहिरातीत जो आकडा असतो तो एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं राहणार असं धरून. एकटं जायचं तर जास्त पडतं. त्या आकड्यावर बंदराचे चार्जेस, जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज म्हणजे टिप लागते. मग जहाजावर दारू-कोल्ड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, गोव्यातली सहल हे सगळं वेगळं. आमच्या एजंटनं पहिल्या फोनला सांगितलेल्या आकड्याच्या शेवटी जवळजवळ दीडपट झाले. तो खोटं बोलला असं नाही, पण त्यानं निम्मं सांगितलं आणि आम्ही निम्मं विचारलं नाही. म्हणून सरळ म्हणा, "सगळं धरून, पाच जणांचं, शेवटचा आकडा लिहून पाठवा." आणि त्याच मेसेजमध्ये कॅन्सल केलं तर कधीपर्यंत किती परत मिळतात ते पण घ्या. तारीख जवळ येईल तसं परत मिळणं कमी कमी होत जातं आणि शेवटी शेवटी काहीच मिळत नाही.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची चावी म्हणून जे कार्ड मिळतं त्यालाच सगळा खर्च लागत जातो. हे फार सोपं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे, मुलं कार्ड दाखवून मॉकटेल घेत सुटतात. रोज संध्याकाळी रिसेप्शनला जाऊन चालू बिल बघा. आम्ही दुसऱ्या दिवशी बघितलं तर आम्ही न घेतलेल्या दोन कॉफ्या लागल्या होत्या, त्यांनी लगेच काढून दिल्या. शेवटच्या सकाळी हेच करायला मोठी रांग असते.

परदेशातली क्रूझ एजंटकडून पॅकेज म्हणून घेतली तर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा टॅक्स, कापतात. तो गेला असं समजू नका, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं. पावती जपून ठेवा.

४. कागदपत्रं

देशातल्या ट्रिपला:
– प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, आधार किंवा पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. नुसती झेरॉक्स नको
– मुलांचं आधार, नसेल तर जन्मदाखला
– बुकिंगची प्रिंट आणि वेब चेक-इन केल्यावर मिळणारा बोर्डिंग पास
– चालू औषधांची डॉक्टरची चिठ्ठी
– हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड

इथं आपल्याकडचा नेहमीचा घोळ म्हणजे नाव. आईंच्या आधारवर वडिलांचं नाव मधे आणि माहेरचं आडनाव होतं, बुकिंग केलं होतं सासरच्या नावानं. निघायच्या आठ दिवस आधी मुलीनं सहज वाचून दाखवलं म्हणून लक्षात आलं. एजंटला आधारचा फोटो पाठवून नाव बदलून घेतलं. तुम्ही बुकिंग करतानाच ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

परदेशी क्रूझला, म्हणजे समजा सिंगापूरहून निघणारी, पासपोर्ट किमान सहा महिने पुढं चालू पाहिजे. आणि सिंगापूरहून निघून मलेशिया करून परत सिंगापूरला येणार असाल तर तुम्ही त्या देशात दोनदा शिरता, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा आहे ना ते बघा. पासपोर्ट काढायचा असेल तर सांगली-सातारा पुणे ऑफिसच्या हद्दीत येतं, चार महिने आधी हालचाल करा.

५. बॅग भरताना

मोठी बॅग आणि छोटी बॅग, अशा दोन पाहिजेतच. मोठी बॅग टर्मिनलवर तुमच्याकडून घेतात, टॅग लावतात आणि ती खोलीच्या दारात येते काही तासांनी. आमची संध्याकाळी सात वाजता आली. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिलेल्या, दुपारची गोळी चुकली आणि बॅग येईपर्यंत आमचा जीव खालीवर. छोट्या बॅगेत औषधं, ओळखपत्रं, चार्जर, एक कपड्याचा जोड आणि मुलांचा स्विमिंगचा ड्रेस ठेवा.

इस्त्री, पाणी गरम करायची किटली, चाकू-सुरी, लायटर, दारूच्या बाटल्या चालत नाहीत, विमानतळासारखं मशीनमधून तपासतात. घरचं शिजवलेलं खाणं पण चालत नाही. आईंनी पहाटे उठून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, ती सगळी ट्रेनमध्ये आणि सीएसएमटीला संपवली. सीलबंद भडंगाची दोन पाकिटं आमची जाऊ दिली, पण त्याचा भरवसा नको.

रात्री डेकवर वारा बोचतो, त्यामुळं स्वेटर किंवा शाल घ्या, सांगलीच्या थंडीत जो घालतो तोच पुरतो. रबरी तळाची चप्पल घ्या, ओल्या डेकवर साधी घसरते. प्लगचं सॉकेट आपल्यासारखं असेलच असं नाही, युनिव्हर्सल अडॅप्टर घ्या. आणि खोलीच्या भिंती बऱ्याचदा पत्र्याच्या असतात, लोहचुंबकाचे हुक नेले तर टोपी-पिशवी अडकवायला इतकी सोय होते, खोलीत जागाच कमी असते ना.

६. सांगली ते बॅलार्ड पियर

आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो. रात्री जेवून बसलं की सकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटी. मिरज, सांगली, कराड, सातारा सगळीकडं थांबते. तिथून बॅलार्ड पियर, म्हणजे जिथून जहाज सुटतं तो धक्का, दीड-दोन किलोमीटर, टॅक्सीनं दहा मिनिटं. २०२५ च्या सप्टेंबरात तिथं नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालंय, तुमच्या तिकिटावर कुठलं गेट लिहिलंय तेच टॅक्सीवाल्याला दाखवा. 'बोट पकडायचीय' एवढंच म्हणालात तर तो गेटवेला नेईल नाहीतर माझगावच्या भाऊच्या धक्क्याला, तिथून मांडव्याची बोट सुटते, तुमची नाही.

आता माझं मत. त्याच दिवशी सकाळी पोचून दुपारी चढणं जमतं, आम्ही तेच केलं, पण पुन्हा कधी गेले तर मी आदल्या दिवशी जाईन. ट्रेनला उशीर झाला, घाटात काही अडकलं, तर जहाज कुणासाठी थांबत नाही. बोर्डिंग जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं, म्हणजे तिकिटावरची सुटायची वेळ ही तुमची पोचायची वेळ नाही. नातेवाईक असतील तर एक रात्र त्यांच्याकडं, नसतील तर फोर्टमध्ये लॉज. म्हाताऱ्या माणसांची झोप पण होते.

७. चढल्यावर पहिलं काम

खोली बघायची, बुफे गाठायचा, फोटो काढायचे असं सगळ्यांना होतं. पण त्या आधी किंवा नंतर, जहाज सुटण्याच्या सुमाराला, एक सेफ्टी ड्रिल असतं आणि ते सगळ्यांना सक्तीचं आहे. आपत्ती आली तर कुठं जमायचं ती जागा तुमच्या कार्डावर लिहिलेली असते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की तिथं जायचं, लिफ्ट वापरायची नाही. बरेच जण कंटाळा करतात, मोबाईल बघत उभे असतात. तसं करू नका, का ते सांगते.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या जवळ. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते विचारणारी माणसं आम्ही. चाळीस फुटाला सामान वर चढवायचं, पंचेचाळीसला निघायचं, हे घरातल्या लेकराला पण पाठ. २०१९ च्या ऑगस्टला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आई-बाबा पहिल्या मजल्यावर अडकले आणि दुसऱ्या दिवशी रबरी बोटीतून बाहेर आले. तेव्हापासून आईंना पाण्याची धास्ती. क्रूझला त्या फक्त नातीच्या हट्टापायी तयार झाल्या आणि जहाजावर चढेपर्यंत माझा दंड सोडला नव्हता.

ड्रिलच्या वेळी तिथल्या पोरानं लाईफ जॅकेट घालून दाखवलं. आई पुढं गेल्या आणि म्हणाल्या, "मला घालून बघू दे." पट्टा त्यांनी स्वतः ओढला, बक्कल लावलं, मग शिट्टी कुठाय, दिवा कसा लागतो, पोरीच्या मापाचं जॅकेट कुठं ठेवलंय, आमच्या खोलीतून इथं यायला जिने किती, सगळं त्या पोराला मराठी-हिंदीत विचारून घेतलं. त्यानं पण शांतपणे एकेक सांगितलं, नंतर त्यांना चालत जिन्यापर्यंत नेऊन दाखवलं. परत येताना त्या मला म्हणाल्या, "एकोणीसला असं कुणी आधी सांगितलं असतं तर." आणि माझा दंड सोडून नातीचा हात धरून डेकवर गेल्या.

त्या रात्री मी त्यांच्या खोलीत गेले तर टेबलावरच्या ग्लासातलं पाणी बारीक थरथरत होतं आणि त्या खिडकीशी बसून बाहेरच्या अंधारात लांब दिसणारे मच्छीमार बोटींचे दिवे मोजत होत्या. तुमच्या घरात कोणी पाण्याला घाबरणारं असेल तर त्यांना ड्रिलला सगळ्यात पुढं उभं करा आणि मनात येईल ते विचारू द्या.

८. बोट लागते का

लागते, सगळ्यांना नाही. ज्यांना आंबा घाटात किंवा फोंडा घाटात गाडी लागते त्यांनी तयारीनं जावं. उलटीवरची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, आधी घ्यावी लागते, आणि त्यानं झोप येते. बीपी-शुगरवाल्यांनी आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्या. आम्ही आलेपाक नेला होता सीलबंद, मुलीला त्यावर बरं वाटलं. पोट रिकामं ठेवू नका, तेलकट पण नको. मळमळलं तर खोलीत पडून मोबाईल बघत राहू नका, मधल्या डेकवर मोकळ्या हवेत उभं राहून लांब क्षितिजाकडं बघा. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी लागते, पैसे तिथंच भरावे लागतात, पावती मागून घ्या.

९. जहाजावरचे दिवस

खाण्याची काळजी सोडा. शाकाहारी भरपूर, जैन पण मिळतं, सांगून ठेवा म्हणजे झालं. बुफे उघडल्या उघडल्या झुंबड असते, अर्ध्या तासानं जा. आत जाताना साबणानं हात धुवा, इतकी माणसं एकत्र असली की पोटाचे आजार पटकन पसरतात. आई-बाबांना पहाटे पाचला चहा लागतो, खोलीत किटली नसते, म्हणून पहाटेचा चहा कुठल्या मजल्यावर मिळतो ते पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा.

मोबाईल जहाज सुटताना एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाच्या सॅटेलाईट नेटवर्कला लागू शकतो आणि त्याचा दर भयंकर असतो. घरी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. जहाजावर एकमेकांना शोधायला आम्ही एक जागा आणि वेळ ठरवली होती, एक वाजता लिफ्टसमोर, आणि ती पद्धत फार छान चालली.

रोजचा कार्यक्रम खोलीत कागदावर किंवा ॲपवर येतो. मोठ्या शोला जागा धरावी लागत असेल तर पहिल्या दिवशीच धरा. स्विमिंग पूलजवळ मुलांना एकटं सोडू नका. आणि एक दिवस तरी सूर्योदयाला वर जा, सगळं जहाज झोपलेलं असतं. बाबा रोज जायचे.

१०. गोव्यात किंवा बेटावर उतरताना

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, वास्कोजवळ. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आणि टॅक्सीची घासाघीस धरून अर्धा दिवस जातो. सगळं गोवा करायला जाऊ नका, एक ठिकाण धरा. आम्ही जुन्या गोव्याचं चर्च आणि मंगेशी एवढंच केलं आणि परत यायच्या वेळेच्या दीड तास आधी बंदरावर हजर. परत चढायची वेळ सुटायच्या वेळेच्या आधीची असते, तिचा फोटो काढून ठेवा.

लक्षद्वीपला जहाज लांब नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून बेटावर नेतात. वारा-लाटा जास्त असल्या की ते रद्द होतं. माझ्या नणंदेच्या घरच्यांचं तसंच झालं, बेट समोर दिसत होतं आणि उतरता आलं नाही. असं झालं तर भांडून उपयोग नसतो, कॅप्टनला तो अधिकार बुकिंगच्या अटींमध्येच दिलेला असतो. छोट्या बोटीत चढ-उतार करताना गुडघेदुखीवाल्यांना त्रास होतो हे पण धरून चाला. आणि तिथलं प्रवाळ आठवण म्हणून उचलून आणायचं नाही, वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

११. परतीचा दिवस

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळी दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट टर्मिनलवर मिळतात. सकाळी घालायचे कपडे, चपला आणि ओळखपत्र बाहेर काढूनच बॅग ठेवा. आमच्या शेजारच्या खोलीतले काका सकाळी नाईट ड्रेसमध्ये नाष्ट्याला आले होते बिचारे.

उतरायला दुपार होऊ शकते, त्यामुळं सकाळी पावणेनऊच्या आसपास सुटणारी कोयना एक्सप्रेस चुकूनही बुक करू नका. रात्रीची महालक्ष्मी घ्या, मधल्या वेळात सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथं बॅगेला कुलूप लागतं, ते सोबत असू द्या.

घरी आल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, अंघोळीला डोळे मिटले की जास्तच. घाबरू नका, आपोआप जातं. तेवढे दिवस म्हाताऱ्या माणसांना जिना उतरताना हात द्या, आणि स्टेशनवरून घरी यायला रिक्षा करा, आपली गाडी लावून जाऊ नका.